जुनी ब्रिटिश गाडी घरच्या घरी: आधी ब्रेक, मग ठिणगी, कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

मॉरिस मायनर, मिनी, एमजीबी, ट्रायम्फ हेरल्ड, जुनी लँड रोव्हर. यांपैकी काहीही दारात येऊन उभं राहिलं की नवा मालक बोनेट उघडतो आणि पेचकस घेऊन थेट कार्ब्युरेटरला भिडतो. स्क्रू समोर दिसतो, फिरतो, फिरवला की इंजिनाचा आवाज बदलतो; आपण काहीतरी केलं असं वाटतं. संध्याकाळी गाडी सकाळपेक्षा वाईट चालते. मूळ दोष असतो पॉइंटमध्ये (डिस्ट्रिब्युटरमधला, ठिणगीची वेळ साधणारा उघड-बंद होणारा स्विच) नाहीतर टॅपेटमध्ये (झडपा उघडणारे भाग), आणि आता त्यात कार्ब्युरेटरची भर पडलेली असते.

म्हणून इथे कामं ज्या क्रमाने दिली आहेत त्याच क्रमाने करा. पत्रा आणि ब्रेक आधी, कारण तो जिवाचा प्रश्न. मग ऑइल-ग्रीस, मग वायरिंग, मग इग्निशन. कार्ब्युरेटरपर्यंत पोचेस्तोवर निम्म्या तक्रारी आपोआप मिटलेल्या असतात.

घाबरायचं कारण नाही. टॅपेट सेट करणं, पॉइंटची फट बघणं, निपलना ग्रीस मारणं ही कामं मालक स्वतः करेल असं धरूनच त्या काळी गाडीबरोबरचं हँडबुक लिहिलेलं असे. शिवाय एकच इंजिन अनेक मॉडेल्सना. ए-सिरीज नावाचं इंजिन १९५१ साली ऑस्टिन ए३० मध्ये आलं आणि मूळ मिनीचं उत्पादन २००० साली थांबेपर्यंत टिकलं. मधल्या काळात मायनर, स्प्राइट, मिजेट या सगळ्यांत तेच. त्यामुळे सुटे भाग आजही नव्याने बनतात. मात्र तुमच्या मॉडेलचं आणि वर्षाचं वर्कशॉप मॅन्युअल आधी मिळवा. खाली जी मापं दिली आहेत ती कुठल्या इंजिनाची ते तिथेच सांगितलं आहे; बाकीची मॅन्युअलमधूनच घ्यायची.

पाने

घरातला मेट्रिक पान्यांचा सेट बाजूला ठेवा. १९५० च्या दशकापासून पुढच्या बहुतेक ब्रिटिश गाड्यांवर यूएनएफ (इंची मापाच्या बारीक) आट्यांचे बोल्ट आहेत आणि त्यांना एएफ पाने लागतात. एएफ पान्यावरचा आकडा म्हणजे नटाच्या समोरासमोरच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर, इंचात. १/४ च्या बोल्टला ७/१६ चा पाना, ५/१६ च्या बोल्टला १/२ चा, ३/८ च्या बोल्टला ९/१६ चा. हे तीन पाने चांगल्या प्रतीचे घ्या, सगळ्यात जास्त तेच हातात राहतात.

‘१३ चा बसतोय की’ हा मोह टाळा. १/२ इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. १३ चा पाना चढतो, मोकळ्या नटावर फिरतोही, आणि गंजलेल्या नटावर जोर दिला की कडा सोलून डोकं गोल करतो. ९/१६ म्हणजे १४.२९, तिथे १४ चा चढत नाही आणि १५ चा सैल. १९ चा पाना ३/४ ला आणि ८ चा ५/१६ ला बिनधास्त चालतो, पण हे अपवाद.

त्याआधीच्या गाड्यांवर व्हिटवर्थ आणि बीएसएफ या जुन्या ब्रिटिश मापांचे बोल्ट भेटतात. व्हिटवर्थ पान्यावरचा आकडा नटाचं माप सांगत नाही, बोल्टच्या दांड्याचा व्यास सांगतो. म्हणून १/४ लिहिलेल्या व्हिटवर्थ पान्याचं तोंड प्रत्यक्षात अर्ध्या इंचाहून जरा मोठंच असतं. वायरिंगच्या बारीक स्क्रूंना बीए ही आणखी वेगळी जात. आणि एमजी टीसी या जुन्या स्पोर्ट्स गाडीच्या वाट्याला तर कहर आलाय: इंजिनाचे आटे मेट्रिक, बोल्टची डोकी व्हिटवर्थ. एमजीला इंजिन पुरवणाऱ्या मॉरिसने १९२३ साली कॉव्हेंट्रीतला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिन कारखाना विकत घेतला. तिथली यंत्रं मेट्रिक आटे पाडणारी होती, तीच चालू ठेवली. डोकी मात्र ब्रिटिश मेकॅनिकच्या पेटीतल्या पान्यांना बसतील अशी केली. अशा इंजिनाचा बोल्ट हरवला तर दिसायला तसाच दुसरा ठोकून बसवू नका, ब्लॉकचे आटे जातील.

याशिवाय फीलर गेज, साधा मल्टिमीटर, टॉर्क पाना, ग्रीस गन, दोन वायरी जोडलेला १२ व्होल्टचा बल्ब आणि अग्निशामक. बल्ब कशाला ते पुढे येईल.

काम एका वेळी एकच काढा. उघडण्याआधी फोटो घ्या, बोल्ट वेगवेगळ्या पिशव्यांत घालून वर चिठ्ठी लावा. अडकलेल्या नटावर गंज सोडवणारं ऑइल मारून रात्रभर राहू द्या, आणि सोडवताना आधी किंचित आवळून मग सोडवा. गंजाची पकड मोडते.

गाडी उचलण्याआधी पत्रा

घरच्या गॅरेजमधला खरा धोका गाडीखाली जाण्याचा. नुसत्या जॅकवर उभ्या गाडीखाली डोकंसुद्धा घालू नका. गाडी सपाट, टणक जमिनीवर हवी, उरलेल्या चाकांना पुढून-मागून अडवणारे ठोकळे आणि उचलल्यावर दोन्ही बाजूंना ॲक्सल स्टँड. स्टँडवर ठेवल्यावर गाडी हाताने जोरात हलवून बघा, मगच खाली जा.

पण स्टँड टेकवायचा कुठे? एमजीबी किंवा मिनीला वेगळी चेसिस नाही. दाराखालचे सिल हाच गाडीचा कणा. ते बाहेरून रंगाने चकाचक आणि आतून पोखरलेले असू शकतात. पेचकसाच्या मुठीने सिल ठोकत जा. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. गंजलेला किंवा पुटीने भरलेला बद्द आवाज देतो. तिथे चुंबकही चिकटत नाही. दुसरी परीक्षा अशी: दार बंद ठेवून त्या बाजूने गाडी हळूहळू उचला आणि दार व मागच्या पत्र्यामधली फट बघा. फट वरच्या बाजूला मिटायला लागली, किंवा दार उघडताना अडकायला लागलं, तर बॉडी वाकतेय. अशी गाडी खाली घ्या आणि वेल्डिंग जाणणाऱ्याला दाखवा. इंजिनाचं काम त्यानंतर.

हेरल्ड आणि स्पिटफायरला स्वतंत्र चेसिस आहे, तिथे आउटरिगर (चेसिसपासून बाजूला निघालेले, बॉडीला आधार देणारे हात) तपासा. लँड रोव्हरची बॉडी ॲल्युमिनियमची म्हणून लोक निर्धास्त असतात, पण खालची चेसिस लोखंडी आणि ती आतून बाहेर गंजत येते, बल्कहेडही (इंजिन आणि बसायच्या जागेमधली भिंत) लोखंडीच. मायनर ट्रॅव्हलरच्या मागचं लाकूड शोभेचं नाही, गाडीचा मागचा भाग त्यावरच उभा आहे. ते कुजलं असेल तर गंजाइतकंच गंभीर.

दारांच्या आणि सिलच्या तळाशी पाणी निघून जायला भोकं असतात. ती तारेने मोकळी करा. पाच मिनिटांचं काम, आणि पत्रा वाचवायला याहून स्वस्त उपाय नाही. कोरड्या दिवसांत पोकळ भागांत मेण फवारून ठेवलं की झालं.

ब्रेक

यातल्या बऱ्याच गाड्यांच्या ब्रेकला एकच सर्किट असतं. एका चाकाशी गळती झाली की चारही चाकांचा ब्रेक गेला. त्यामुळे इथे ‘चालतंय तोवर चालू दे’ नाही.

ड्रम काढल्यावर आतली धूळ फुंकायची नाही आणि हवेने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा, ब्रेक क्लीनरने धूळ ओली करा, फडक्याने पुसून घ्या आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

मग प्रत्येक व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीची कड नखाने हलकेच उचला. आत ओल दिसली तर सील गेलं. रबरी होज वाकवून भेगा बघा. होज बाहेरून धडधाकट आणि आतून फुगलेला असणं हाही नेहमीचा प्रकार: पेडल दाबलं की ब्रेक लागतो, पण सोडल्यावर ऑइल मागे येत नाही आणि ते चाक तापतं. एकाच बाजूचं चाक हात लावू नये इतकं गरम लागलं तर आधी होजवर संशय घ्या.

सिलिंडर धुवायला पेट्रोल, डिझेल किंवा इंजिन ऑइल वापरू नका. सीलं फुगून बाद होतात. ताजं ब्रेक ऑइल किंवा मेथिलेटेड स्पिरिट वापरा, आणि जोडताना सीलांना लाल रबर ग्रीस.

ड्रम ब्रेक अधूनमधून हाताने ॲडजस्ट करावे लागतात. पेडल खोल जातं अशी तक्रार असेल तर हवा काढण्याआधी हे करा, कारण निम्म्या वेळा दोष एवढाच असतो. मिनी आणि एमजीबी यांच्या मागच्या बॅकप्लेटवर चौकोनी डोक्याचा ॲडजस्टर असतो. चाक उचला, हँडब्रेक सोडा, ॲडजस्टर चाक जाम होईपर्यंत आवळा. पेडल एकदा दाबा म्हणजे शू मध्यभागी येतील. मग चाक मोकळं फिरेपर्यंत एकेक खटका मागे घ्या. ॲडजस्टरला त्याचीच चौकोनी चावी लावा. पकडीने धरलात तर डोकं गोल होईल आणि पुढे प्रत्येक वेळी शिव्या घालाल.

आता हवा काढणं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात. ब्लीड निपलला पारदर्शक नळी लावून तिचं टोक बरणीत ताज्या ब्रेक ऑइलमध्ये बुडवा. सोबत्याने पेडल सावकाश दाबायचं, तुम्ही निपल सोडायचा. पेडल तळाला लागण्याआधी निपल बंद, मग पेडल वर. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा. जुन्या मास्टर सिलिंडरमध्ये रोजच्या वापरात न येणारा भाग खरबरीत झालेला असतो आणि पेडल पूर्ण खाली गेलं की सील त्यावर घासून फाटतं. काल ठीक असलेला मास्टर सिलिंडर हवा काढल्यावर आज गळतो, तो यामुळेच.

ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, म्हणून दर दोन वर्षांनी बदला. रंगावर सांडलं तर लगेच पाण्याने धुवा.

ऑइल आणि ग्रीस

या इंजिनांना २०डब्ल्यू-५० हे जाडसर ऑइल लागतं. आजच्या गाड्यांचं पातळ सिंथेटिक घालून त्यांचं भलं होत नाही, फक्त गळती वाढते. टॅपेट कॅमवर घासून चालतात, त्यामुळे जस्ताचं प्रमाण जास्त असलेलं, जुन्या इंजिनांसाठीच बनवलेलं ऑइल घ्यावं. दर ५,००० किलोमीटरला बदला. मिनीच्या बाबतीत यात चालढकल नको: तिचा गिअरबॉक्स इंजिनाच्या खाली, त्याच ऑइलमध्ये फिरतो, आणि गिअर ते ऑइल दळून काढतात. ड्रेन प्लगच्या चुंबकावर राखाडी चिखल असेल तर चालेल. धातूचे तुकडे असतील तर गिअरबॉक्स तुम्हाला काही सांगतोय.

थोडी गळती होणारच. एमजीबीच्या सुरुवातीच्या तीन बेअरिंगच्या बी-सिरीज इंजिनात क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाला रबरी ऑइल सीलच नाही. शाफ्टवर कोरलेले आटे ऑइल मागे ढकलतात, आणि इंजिन बंद झालं की ढकलणारं कोणी उरत नाही. जमिनीवर चार थेंब म्हणजे आजार नाही. थारोळं असेल तर रॉकर कव्हरखालच्या कॉर्कच्या गॅस्केटपासून खाली शोधत या, आणि ते कव्हर आवळताना ताकद लावू नका. जास्त आवळलं की पत्रा वाकतो आणि गळती कायमची.

दुसऱ्या ठिकाणच्या ऑइलबद्दल एक सावधगिरी. पितळी सिंक्रो (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या कड्या) असलेल्या गिअरबॉक्समध्ये जीएल-५ दर्जाचं गिअर ऑइल घालू नका, पितळ खाल्लं जातं. काही गिअरबॉक्सना, उदाहरणार्थ एमजीबीच्या, चक्क इंजिन ऑइलच घालतात. मॅन्युअल बघा.

ग्रीसचे निपल शोधून मोजा आणि यादी भिंतीवर लावा. किती आहेत ते मॅन्युअलमध्ये असतं. एखादा चिखलाखाली दडलेला असतो आणि नेमका तोच कोरडा असतो. निपल आधी पुसा, नाहीतर ग्रीसबरोबर मातीही आत जाते. दुसऱ्या बाजूने जुनं ग्रीस बाहेर येईपर्यंत मारा. मायनरच्या पुढच्या सस्पेन्शनच्या ट्रनियनना (चाक वळतं ते आट्यांचे सांधे) यात कसूर झाली तर आटे झिजून चाक अक्षरशः दुमडतं, बहुतेकदा कमी वेगात वळताना. हेरल्ड आणि स्पिटफायरच्या ट्रनियनचा नियम उलटा: तिथे ग्रीस नाही, ईपी९० गिअर ऑइल. ग्रीस आट्यांपर्यंत पोचत नाही, आत पाणी साचतं आणि उभा लिंक तुटतो. गाडी कोणाच्याही हातून आली असली तरी इथे आधी ग्रीसच भरलेलं असणार असं धरून चाला.

वायरिंग

ल्युकास ही या गाड्यांचे विजेचे भाग बनवणारी कंपनी; तिच्या वायरिंगवर विनोद पुष्कळ आहेत. खरं सांगायचं तर मूळ वायरिंग सरळ आणि समजायला सोपं आहे. त्रास देतात ते गंजलेले जोड आणि आधीच्या मालकांनी टेपने गुंडाळलेले प्रयोग.

रंग पाठ करा, निम्मं काम झालं. तपकिरी वायर थेट बॅटरीची, कायम जिवंत आणि फ्यूजशिवाय, तिच्याशी खेळ नको. पांढरी चावी फिरवल्यावर जिवंत होते. हिरवी म्हणजे तीच, पण फ्यूजमधून आलेली. जांभळी कायम जिवंत, फ्यूजसह. निळी हेडलाइटची, लाल पार्किंग लाइटची, काळी अर्थची.

सगळ्यात आधी बघा की बॅटरीचं कुठलं टोक बॉडीला जोडलंय. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धापर्यंत बहुतेक ब्रिटिश गाड्यांना पॉझिटिव्ह अर्थ असे. एमजीबी १९६७ च्या सुमारास निगेटिव्हवर आली. मधल्या काळात कोणी बदल केलेला असू शकतो, म्हणून वर्षावर विसंबू नका, केबल बघा. पॉझिटिव्ह अर्थच्या गाडीला आधुनिक रेडिओ किंवा इलेक्ट्रॉनिक इग्निशन सवयीने जोडलं की ते जळालंच. काम करताना अर्थची केबल सगळ्यात आधी काढायची आणि सगळ्यात शेवटी जोडायची, मग ती कुठल्याही टोकाची असो.

नंतर अर्थिंग. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे त्याला बॉडीशी जोडणारी जाड विणलेली पट्टी लागते. ती तुटली किंवा कोणी परत लावायची विसरला, तर स्टार्टरचा करंट मिळेल त्या वाटेने जातो, आणि ती वाट बहुतेक वेळा चोकची केबल असते. स्टार्टर मारल्यावर चोकची केबल गरम लागते? पट्टी बघा. मल्टिमीटरने तपासायचं तर एक टोक बॅटरीच्या अर्थ टर्मिनलवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर. स्टार्टर फिरताना अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर मधल्या जोडांत गंज आहे. जोड उघडा, पॉलिश पेपरने चकाकी आणा, आवळा, वर व्हॅसलिन लावा. बुलेट कनेक्टरनाही हेच औषध. दिवे मंद, इंडिकेटर आळशी, पेट्रोलचा काटा बेभरवशाचा, या तक्रारी एका फटक्यात जातात.

डायनामोच्या (अल्टरनेटर येण्याआधीचं, बॅटरी चार्ज करणारं यंत्र) गाडीत इंजिन अगदी हळू चालताना चार्जिंगचा लाल दिवा मिणमिणला तर तो बिघाड नाही. डायनामोच्या मागच्या टोकाला ऑइलचं छोटं भोक असतं, तिथे अधूनमधून दोन-चार थेंब टाका. हे कोणीच करत नाही.

ठिणगी

इंजिन थंड असतानाच टॅपेट बघून घ्या. ए-सिरीजची फट थंड इंजिनावर ०.०१२ इंच. नऊचा नियम लक्षात ठेवा: आठ झडपांपैकी जी पूर्ण दाबलेली असेल तिचा क्रमांक ९ मधून वजा करा, उरेल ती झडप सेट करायची. आठवी दाबलेली तर पहिली, सातवी तर दुसरी. प्लग काढून ठेवले की इंजिन हाताने सहज फिरतं. लॉकनट आवळल्यावर फट पुन्हा मोजा, ती जवळजवळ नेहमी हलते.

काढलेले प्लग फेकण्याआधी रांगेने मांडून बघा. फिक्या तपकिरी रंगाचे ठीक. काजळीने काळे म्हणजे पेट्रोल जास्त, पांढरेफटक म्हणजे कमी, ओले ऑइलकट म्हणजे त्या सिलिंडरची वेगळी चौकशी. ए आणि बी-सिरीजच्या प्लगची फट ०.०२५ इंच.

पॉइंट असे करा:

१. डिस्ट्रिब्युटरची टोपी काढा, आतून बारीक काळी रेघ आहे का ते उजेडात बघा. असेल तर टोपी बदला, तिथून करंट पळतो.

२. रोटर ओढून काढा. पॉइंटचा टाच-भाग कॅमच्या उंच कोपऱ्यावर येईपर्यंत इंजिन हाताने फिरवा. फट आता सगळ्यात जास्त उघडलेली असते.

३. ल्युकासच्या २५डी४ डिस्ट्रिब्युटरला फट ०.०१४ ते ०.०१६ इंच. फीलर गेज आधी स्पिरिटने पुसा. त्यावरचं ऑइल पॉइंटला लागलं की पॉइंट जळतात. पट्टी किंचित घासत सरकली पाहिजे, अडायला नको.

४. स्क्रू आवळा आणि पुन्हा मोजा.

५. कॅमवर ग्रीसचा पुसट हात, रोटरखालच्या स्क्रूवर ऑइलचे दोन थेंब. त्याहून जास्त नको.

फट बदलली की टायमिंगही बदलतं, म्हणून टायमिंग पॉइंटनंतर. इथे तो बल्ब येतो. एक वायर कॉइलच्या डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टोकाला, दुसरी अर्थला. चावी चालू करा, पुलीवरची खूण मॅन्युअलमधल्या अंशावर आणा, डिस्ट्रिब्युटरचा क्लॅम्प सैल करा. पॉइंट बंद असताना बल्ब विझलेला, उघडले की पेटतो. डिस्ट्रिब्युटर हळू फिरवत नेमका बल्ब पेटतो त्या जागी क्लॅम्प आवळा. चावी लगेच बंद करा, नाहीतर कॉइल तापते. तारा बसवताना क्रम १-३-४-२, आणि ए व बी-सिरीजवर रोटर घड्याळाच्या उलट फिरतो.

कॉइल बदलताना तिचा रोध मोजा. साध्या १२ व्होल्टच्या कॉइलला सुमारे ३ ओहम, बॅलास्टवाल्या (जिच्या वायरीत वेगळा रोधक जोडलेला असतो अशा) कॉइलला सुमारे १.५. बॅलास्टवाली कॉइल थेट १२ व्होल्टवर लावली तर तापते आणि पॉइंट खाते.

आजच्या स्वस्त रोटर आणि कंडेन्सरच्या दर्जाबद्दल माझं मत वाईट आहे. चालू स्थितीतला जुना कंडेन्सर केवळ ‘सर्व्हिसिंग आहे म्हणून’ बदलू नका.

आता कार्ब्युरेटर

एवढं झाल्यावरही इंजिन नीट चालत नसेल तरच पुढे. या गाड्यांवरचा एसयू बनावटीचा कार्ब्युरेटर दिसायला गूढ, आतून साधा: एक पिस्टन हवेच्या ओढीने वर-खाली होतो आणि त्याला लावलेली निमुळती सुई जेटमधून किती पेट्रोल जावं ते ठरवते.

वरची काळी किंवा पितळी टोपी फिरवून काढा. तिच्या दांड्याला आत ऑइलचा प्रतिकार जाणवला पाहिजे. नसेल तर आतल्या पोकळ दांड्याच्या तोंडापर्यंत पातळ ऑइल भरा, एसएई २० मिळालं तर उत्तम. एक्सलरेटर दाबताच इंजिन ठसकतं ही तक्रार बऱ्याचदा एवढ्यावर मिटते.

नंतर एअर फिल्टर काढून पिस्टन बोटाने वर उचला आणि सोडा. तो ‘टक’ असा स्वच्छ आवाज करत खाली बसायला हवा. अडखळला तर वरचा घुमट काढून आतून स्पिरिटने पुसा; पॉलिश पेपर नको, बाजूंना ऑइल नको. दोन कार्ब्युरेटर असतील तर यांचे पिस्टन-घुमट एकमेकांत मिसळू देऊ नका, ते जोडीने बनवलेले असतात.

मिश्रण बघायला इंजिन पूर्ण गरम हवं. कार्ब्युरेटरच्या बाजूला खालून वर ढकलायची बारीक पिन असते. ती इतकीच दाबा की पिस्टन जेमतेम मिलिमीटरभर उचलला जाईल, आणि कान द्या. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला तर मिश्रण रिच (पेट्रोल जास्त). वेग लगेच पडला किंवा इंजिन बंद पडायला लागलं तर लीन (पेट्रोल कमी). क्षणभर किंचित वाढून पूर्ववत झाला तर सोडून द्या, बरोबर आहे. एचएस जातीच्या कार्ब्युरेटरवर सुधारणा खालच्या षटकोनी नटाने: वर चढवला की लीन, खाली उतरवला की रिच. एका वेळी नटाची एकच बाजू, म्हणजे सहावा हिस्सा फेरा, मग पुन्हा पिन. पार वाट चुकली असेल तर जेट पुलाच्या (पिस्टनखालच्या सपाट कट्ट्याच्या) पातळीला आणून नट दोन पूर्ण फेरे खाली घ्या आणि तिथून नव्याने सुरू करा.

जोडीच्या कार्ब्युरेटरना आधी हवा समान करावी लागते. दोघांना जोडणाऱ्या दांड्याचे क्लॅम्प सैल करा, रबरी नळीचं एक टोक कानाशी आणि दुसरं एकेका तोंडाशी धरा, आणि फुसफुस सारखी येईपर्यंत थ्रॉटलचे स्क्रू फिरवा. मिश्रण त्यानंतर.

पाणी आणि पेट्रोल

गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढून टाकणं हा उपाय नाही. बहुतेकांना ८२ अंशाचा योग्य. तापण्याचं खरं कारण म्हणजे ब्लॉकच्या तळाला साठलेला गाळ. ब्लॉकचा ड्रेन नळ उघडल्यावर काहीच आलं नाही तर भोकात तार घाला, मग पाइपने उलट्या दिशेने धुवा. कूलंट जुन्या धातूंसाठीचा, निळ्या जातीचा इथिलीन ग्लायकॉल घ्या. गरम रेडिएटरचं झाकण उघडू नका.

जुन्या पेट्रोल होजना इथेनॉल सोसत नाही. ते आतून मऊ पडतात आणि बाहेर पाझरतात. सगळे एकदम काढा आणि आर९ या इथेनॉल सोसणाऱ्या दर्जाचे बसवा. शिशाविना पेट्रोलवर जुन्या ओतीव लोखंडी हेडच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीट हळूहळू झिजतात. टॅपेटची फट वारंवार कमी होत गेली तर तेच चाललंय. हेड कधी ना कधी कडक सीट बसवायला मशीन शॉपमध्ये न्यावं लागेल, आणि ते घरचं काम नव्हे.

एसयूचा इलेक्ट्रिक पंप कानाने ओळखता येतो. चावी फिरवली की टकटक सुरू होते, कार्ब्युरेटर भरला की थांबते. टकटक थांबतच नसेल तर टाकी रिकामी आहे किंवा कुठेतरी हवा ओढली जातेय. मुळीच येत नसेल तर पंपाचे पॉइंट किंवा त्याची अर्थ. पान्याच्या दांड्याने पंपाला हलकी टिचकी मारून तो चालू झाला तर घरी पोचाल, पण पॉइंट साफ करायचे आहेत हे विसरू नका.

डिकीत काय असावं: तिन्ही एएफ पाने, पेचकस, फॅन बेल्ट, पॉइंट, रोटर, कंडेन्सर, फ्यूज, थोडा पेट्रोल होज आणि क्लिपा, तो बल्ब, पाण्याची बाटली, अग्निशामक. नवे घेतलेले रोटर आणि कंडेन्सर आधी गाडीवर लावून एक फेरी मारून बघा, चालले तर काढून पिशवीत ठेवा. न तपासलेला सुटा भाग रस्त्यात बसवलात आणि गाडी तरीही सुरू झाली नाही, तर दोष जुना की नवा हे कळायला मार्ग उरत नाही.